मामाची दोनशे वर्षांची भिंत

माझा मामा गवंडी. नवी भिंत जुनी करून देण्यात त्याचा हात धरणारा आमच्या वस्तीत कोणी नव्हता. हे मी भाची म्हणून सांगत नाही, तसा सरकारी कागद आहे. त्याच कागदाने मामीला रडकुंडीला आणलं.

आमची वस्ती टेकडीच्या उतारावर, आणि अख्खीच्या अख्खी ऐतिहासिक. म्हणजे भिंत तुमच्या अंगावर पडली तरी चालेल, पण परवानगीशिवाय तिला हात लावायचा नाही. परवानगीला तीन वर्षं. म्हणून लोक जोडून सुट्ट्या यायची वाट बघत. कार्यालयाला कुलूप लागलं की भिंत खाली, आणि कुलूप उघडायच्या आत मामाने ती होती तश्शी उभी केलेली. आत नवे सिमेंटचे ठोकळे, बाहेरून जुन्या विटांचा एक थर, वर चुना. मग काळ्या चहाचं पाणी आणि काजळी. वळणावर लोकांचा खांदा घासतो, तेवढ्याच उंचीवर तो गोणपाट घेऊन तासभर घासत बसायचा. "पोरी, माणूस घाईत भिंतीला टेकूनच वळतो," मला सांगायचा. एवढी अक्कल त्याने घरात वापरली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

मामीचे गुडघे गेले. घराचं दार वरच्या गल्लीत, मामीचं स्वयंपाकघर आणि झोपायची खोली खाली. बाहेर पडायचं तर चौदा उभ्या पायऱ्या. आठ महिने ती खालीच अडकून पडली. खालच्या खोलीची एक भिंत मात्र खालच्या गल्लीला लागून होती. दुकानं तिथे, दवाखाना तिथे, तिच्या मैत्रिणी तिथे. भिंतीतून सगळ्यांच्या गप्पा ऐकू यायच्या आणि ही आतून ओरडून उत्तरं द्यायची. त्या भिंतीत एक दार पाडलं की प्रश्न मिटला.

चार दिवसांची सुट्टी आली. मामाने मामीला माझ्याबरोबर वर पाठवलं आणि भिंत पाडली. भिंतीला पोट सुटलं होतं, नुसतं भोक पाडलं असतं तर सगळीच कोसळली असती. चार दिवस तो जेवायलाही वर आला नाही. शेवटच्या संध्याकाळी मी मामीला धरून एकेक पायरी खाली उतरवलं. भिंत सुरेख झाली होती. मामी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "दार कुठंय?"

मामाने दार काढलंच नव्हतं. तीस वर्षं होती तशी भिंत बांधायची सवय, हातांनी होती तशीच बांधली. दार डोक्यात होतं, पण हाताला कोणी सांगितलंच नाही.

मामी त्या रात्री जेवली नाही. "पुढच्या सुट्टीत पाडतो," मामा म्हणाला. पण पुढची सुट्टी यायच्या आत अर्जवाल्या अण्णांचा अर्ज पोहोचला. अण्णा समोर राहतात, निवृत्त आहेत, आणि कोणाच्या छपराची कौलं सरकली तरी अर्ज करतात. भिंत बेकायदा पाडून पुन्हा बांधली, असा त्यांचा अर्ज. या वेळी तो अक्षरशः खरा होता.

तपासणीला एक मॅडम आल्या. भिंग लावून दोन तास भिंत बघितली, खांदा घासतो त्या जागी हात फिरवला आणि गहिवरल्याच. आठ दिवसांत कागद आला: तक्रार खोटी, भिंत किमान दोनशे वर्षांची, गल्लीतली सर्वात जुनी, तिला खिळासुद्धा ठोकू नये.

मामाने तो कागद पाच वेळा वाचला. सहाव्यांदा मामीला वाचून दाखवायला गेला, हा आणखी एक शहाणपणा.  ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आता तिला दार कधीच मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात जाऊन सांगून आला की भिंत त्याने बांधली, जुनी नाही, तेव्हा दार पाडू द्या. कोणी विश्वास ठेवेना. मग तो अण्णांच्या दारात गेला, साक्ष द्या म्हणून. ज्याच्याविरुद्ध अर्ज तोच साक्षीदार शोधत आलेला बघून अण्णा आधी घाबरले, मग गल्लीतल्या नोंदींची वही घेऊन निघाले. मॅडम पुन्हा आल्या.

"सकाळी आठ दहाला भिंत होती," अण्णा वाचायला लागले. "अकरा चाळीसला नव्हती."

"काका, दारासाठी तुम्ही खोटं बोलताय," मॅडम मामाला म्हणाल्या. "अशी भिंत आज कोणाला जमत नाही. जमत असेल तर तुम्ही बांधलेली दुसरी दाखवा."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम शांत झाल्या. त्यातल्या अकरा घरांच्या भिंती मामाच्याच. मामाने मान खाली घातली. नाव एकाचंही घेतलं नाही.

तेवढ्यात भिंतीला आतून दणका बसला. मग दुसरा.  मामा पुढे धावला, पण मामीने आतून घण हाणायचा थांबवला नाही. एक वीट निखळून मॅडमच्या पायाशी पडली, मागे करकरीत ठोकळा दिसला, कारखान्याच्या शिक्क्यासकट. मॅडमनी भिंग काढून तो शिक्का वाचला. आमची मामी काही थांबली नाही, तिला माणूस जाईल एवढं भोक हवं होतं.

पंचनामा झाला. भिंत नवी, बांधकाम बेकायदा. मामीने स्वतःचंही नाव घालायला लावलं. "बांधणारे हे, पाडणारी मी." दारासाठी रीतसर अर्ज करा, निकाल लागेपर्यंत सर्व जैसे थे ठेवा, असा हुकूम निघाला. भिंतीला हात लावायचा नाही, भोकालाही नाही, बुजवलं तर गुन्हा. मॅडमनी हे वाचून दाखवताना मामीकडे बघायचं टाळलं.

मामी काठी घेऊन त्याच भोकातून गल्लीत उतरली. मामा आणि मी सोबत निघालो तर हातानेच थांबवलं. परत आली ती दिवेलागणीला, घामाघूम.

"कुठे गेली होतीस एवढा वेळ?" मामाने घाबरून विचारलं.

"कुठे नाही," ती म्हणाली. "नुसती चालत होते."