फायबरच्या टोकावर कुंकू

"तू बाहेर थांब जरा. पूजा आटोपली की बोलावतो."

बोलणारे माझे पीएचडीचे गाईड. मूळचे नागपूरचे. विश्वकर्मा पूजेचा दिवस होता. रायपुरात त्या दिवशी गॅरेजपासून कारखान्यापर्यंत साऱ्या मशिनी पुजतात, तशी आमची लॅबही. बाकी सारे आत. मी एकटी व्हरांड्यात. काहून? कोणी सांगितलं नाही. माझं आडनाव सगळ्यायले ठाऊक होतं.

अन् पूजा कशाची? माझ्याच सेटअपची! स्फटिकाच्या चकतीवरून ध्वनीची लाट पळते, वरच्या वर, तलावावर तरंग जावा तशी. डोळ्याले दिसत नाही. केसाएवढ्या काचेच्या फायबरमधून तिच्यावर लेझर सोडायचा. लाटेवरून परतलेला उजेड अन् फायबरच्या टोकावरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळले, की तिची थरथर स्क्रीनवर उमटते. ते टोक मी बसवलं होतं. त्याच हाताचा विटाळ झाला यायले!

दारातून पाहून राहिली होती मी. सरायनं कुंकवाची चिमूट थेट त्या टोकावर सोडली. मी ओरडली, "सर, तिथं नका!"

"चूप! पूजा झाली आहे. पाहुणे येईपर्यंत हात लावायचा नाही."

दुपारी पाहुणे आले, माझं काम तपासाले. पीएचडी पुढं जाते की नाही, ते त्यायच्या हाती. टोक पुसाले वेळही दिला नाही सरायनं. मी लेझर सुरू केला. स्क्रीनवर नुसती सपाट रेघ.

सर हसले. "रिज़र्वेशन कोटे से आई है ना. नाज़ुक काम इनके बस का नहीं."

पाहुणेही हसले.

अंगाची लाही लाही झाली माझ्या. आजवर असलं किती गिळलं, "हव सर, हव सर" करत! त्या दिवशी मान खाली जाईचना. मी फायबर काढला, मायक्रोस्कोपखाली ठेवला.

"देखिए. कुमकुम है. पूजा सर ने की. मुझे मेरी जात की वजह से बाहर खड़ा किया था."

पाहुण्यांनी पाहिलं. मग कोणी हसलं नाही. फाईल मिटून उठले नुसते, लाज वाटाले पाहिजे होती.

पाहुणे गेल्यावर सर म्हणाले, "माफी माग. नाहीतर दुसरा गाईड शोध."

"माफी तुम्ही मागा," मी म्हटलं.

विद्यापीठात तक्रार देऊन टाकली. काम अडवून ठेवलं आहे सरायनं. घरी रडूही येते मले, रागानं. आई म्हणते, "पोट्टी, जाऊ दे नं."

नाही जाऊ देणार. गाईड बदलणार नाही, माफी मागणार नाही. लॅब कोणाच्या बापाची नाही.