तांदूळ विकणारी बाई

ती घटना मला आठवते ती आवाजासकट. फौजदार म्हणून माझी नेमणूक तेव्हा कळमनुरी तालुक्यात होती. पुराने नदीकाठच्या वाड्या मोडल्या होत्या आणि उघड्यावर आलेली कुटुंबं वारंगा फाट्याजवळच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. एक संस्था त्यांना तांदूळ, तेल आणि वरखर्चाला रोख मदत देई. मदतीचं धान्य विकताना कुणी सापडलं, तर धान्य आणि रोख दोन्ही बंद, असा नियम होता.

एकदा सकाळची हजेरी आटोपते तोच खबऱ्या आला. "साहेब, एक बाई मदतीचा तांदूळ फाट्यावर विकून राहिली. नवरा पुरात गेला, तरी हातभर बांगड्या घालती. दिवस कलला की गाठोडं घेऊन नदीकडं जाती. कायतरी भानगड हाये."

बाईमाणसाची बातमी असली की आमच्या खबऱ्यांच्या अंगात भारी उत्साह संचारतो. तरी चौकशी करणं भाग होतं.

बाईला ठाण्यात बोलावून महिला शिपायासमोर विचारलं. मेंढपाळाच्या घरची, तिशीच्या आतली. तिनं लगेच कबूल केलं. "व्हय साहेब, विकला तांदूळ. त्याची ज्वारी घेतली."

"का? तांदूळ घशाखाली उतरत नाही?"

बांगड्यांचं विचारलं तशी तिनं दोन्ही हात पदराखाली ओढले. "धान्य तेवढं बंद करू नका साहेब. बाकी काय बी लिवा."

स्वतःला वाचवणारा माणूस फार बोलतो. ही दुसऱ्या कुणासाठी तरी गप्प बसली होती. मी तिला जाऊ दिलं आणि संध्याकाळी साध्या वेशात तिच्या मागे निघालो.

नदीवरून धुकं वर चढत होतं. वाडीतल्या भिंती पडल्या होत्या, दाराच्या चौकटी तेवढ्या उभ्या होत्या. ती बाई एकेका चौकटीला वळसा घालत चालली होती, जणू आत माणसं निजली आहेत. तपासावर आहोत हे मी विसरूनच गेलो. टेकाडावर एक घर शाबूत होतं. मी लिंबाच्या आड थांबलो.

अंगणात बाजेवर एक आंधळा म्हातारा बसला होता, तिचा सासरा. मेंढरं परततील तेव्हा घरी कुणीतरी पाहिजे, म्हणून तो माळावर यायला तयार नव्हता, हे मला मागाहून कळलं. बाईनं चूल पेटवली, भाकरी थापायला घेतली. त्या सुन्या वाडीत बांगड्यांचा आवाज दूरवर जात होता.

"पोराचा काय निरोप?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गोरेगावकडं हायेत, मामंजी. एका वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्यात. तिथली ज्वारी धाडली त्यांनी."

मला सगळा उलगडा झाला: पोरगा जिवंत आहे असं म्हाताऱ्याला वाटावं, म्हणून ती ज्वारी होती आणि बांगड्याही.

ती घागर घेऊन खाली गेली. म्हातारा हळूच म्हणाला, "पाव्हणं, झाडाआडून पुढं या. डोळे गेले माझे, कान न्हाई गेले."

मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "पोरगं मला हाका मारत वाहून गेलं, साहेब. बापाला ऐकू आलं नसंल का?"

"मग सुनेला सांगत का नाही?"

"मला कळलं म्हणल्यावर ती बांगड्या कशाला ठेवंल हातात? मपल्यासाठी का व्हईना, घालती. घालू द्या लेकराला."

तेवढ्यात ती घागर घेऊन वर आली. मला पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "सूनबाई, पाव्हणे गोरेगावकडून आलेत. आपल्या पोराला भेटून."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा सगळा जीव माझ्या एका शब्दात अडकला होता.

"हो," मी म्हणालो. "बरा आहे तो. मेंढ्याही बऱ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या लोकांना भेटलो. या बाईला तांदळाऐवजी रोख पैसे द्या, म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. घरात ज्वारीशिवाय न खाणारं म्हातारं माणूस आहे, एवढंच मी बोललो. त्यांनी मानलं आणि तिची मदत चालू राहिली.

उभी नोकरी मी लोकांची खोटी बोलणी उघडी पाडण्यात घालवली. खरं सापडलं की ते घेऊन ठाण्यात यायचं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या टेकाडावर सापडलेलं मात्र मी त्या दोघांपाशीच ठेवून आलो. ते त्यांचं होतं.