पेंढ्याचं रेडकू

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से शेणासारखे साठतात. रोज उचला, सकाळी पुन्हा तेवढेच! माझे निम्मे तर विचुंब्याच्या काशीनाथदादांच्या गोठ्यातले. पनवेलहून गेलो की चहा ठरलेला, आणि वर काहीतरी विपरीत.

*

चंद्री म्हैस गाभण. दूध आटलं, तशी दादांनी तिची पेंड बंद केली.

"दूध देत नाय तर खायाला कशाला घालू? हॉटेल हाय का माजा?"

म्हटलं, "दादा, शेवटच्या महिन्यांतच पोटातलं रेडकू वाढतं. आई उपाशी तर तेही उपाशी!"

दादा हसले. रेडकू जिवंत जन्मलं, पण मान धरेना. त्यानं संध्याकाळ पाहिली नाही.

*

रेडकाशिवाय चंद्री पान्हा सोडेना. दादांनी जुना उपाय केला. मेलेल्याचं कातडं वाळवलं, पेंढा भरून शिवलं आणि तिच्यापुढे उभं केलं. ती त्याला चाटायची आणि दूध द्यायची!

डोळ्यांच्या जागी दादांच्या बायकोनं, काकींनी, त्यांच्या शर्टाची बटणं लावली होती.

"काकी, हे कशाला?"

"डोलं नाय तं आईला बघंल कसा?"

त्या गोठ्यात मी पुढे कधी त्या बटणांकडे पाठ करून उभा राहिलो नाही.

*

चंद्री पुन्हा गाभण, पुन्हा आटली, पेंड पुन्हा बंद. शेजारी टॉवरचं काम, दिवसभर धाडधाड. बाकी म्हशी बिथरायच्या, ही मात्र बटणांकडे बघत गप्प उभी.

एके सकाळी दादांचा फोन. आवाज बसलेला.

"डॉक्टर, लवकर या."

पेंढ्याच्या रेडकाचं पोट फाटलं होतं. चंद्री त्यातून पेंढा ओढून सावकाश चघळत होती. भुकेनं!

दुपारी दादांनी टेम्पोभर पेंड आणली. काकींनी ते पोट पुन्हा शिवलं.

*

या खेपेला रेडकू धट्टंकट्टं! लगेच उभं राहिलं, आचळाला लागलं, चीक प्यायलं. काकी रडायलाच लागल्या.

दुसऱ्या दिवशी पेढे खायला गेलो.

"आता ह्याचा काय काम," म्हणत दादांनी पेंढ्याचं रेडकू टाकायला उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

"डॉक्टर, जरा तुमी उचला."

मी उचललं. पेंढा इतका जड नसतो.

ते माझ्या हातात कलंडलं आणि शिवलेल्या तोंडातून माझ्या बुटावर चीक ठिबकला. कोमट होता.