न कापलेली पानं

माझी धाकटी भावजय कोणाला आवडत नाही. मलाही नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलो ते मायेपोटी नव्हे. गेल्या महिन्यात ती कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली. समारंभात एकेक जण उठून गोड बोलला. मायाळू काय, हसतमुख काय, विद्यार्थ्यांची आई काय! मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. तिला हसताना मी पाहिलंय, पण दुसऱ्याची चूक सापडल्यावर. मी बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होतो. आतून पोकळ राहिलेला सांधा वरून कितीही गुळगुळीत घासा, दाब आला की तो फुटतो. तेव्हा तिच्याबद्दल कोणीतरी खरं लिहिलेलं बरं.

पोरं तिला करवत म्हणत. जाताना कापते, येताना कापते.

माझा भाऊ घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचा. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, आणि तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. खालच्या दोन खोल्या तिच्याकडे राहिल्या, वरच्या आमच्याकडे. डोळ्यांतलं पाणी पुरतं सुकलंही नव्हतं आणि तिने अंगणात मधोमध विटांची एक रांग मांडली. म्हणाली, "भाऊजी, इकडचा केर माझा, तिकडचा तुमचा."

ग्रंथालयात ती लागली ती पुस्तकं परत कपाटात लावायच्या कामावर. दिवसभर उभं राहायचं, शिडी चढायची, उतरायची. ते करता करता परीक्षा दिल्या आणि संदर्भ विभागाच्या टेबलावर जाऊन बसली. हे तिचं तिने केलं. कोणी हात दिला नाही, आणि दिला असता तर तिने झिडकारला असता. मी दिला होता, म्हणून सांगतो. तिची पुस्तकं जमिनीवर पडलेली असत. मी रविवार मोडून तिला लोखंडी मांडणी करून दिली. तिने वरच्या फळीवर पाण्याचं भांडं ठेवलं आणि वाकून बघितलं.

"भाऊजी, पाणी एका कडेला येतंय."

"फरशी तिरकी आहे."

"फरशी तुमच्या भावाने स्वतः बसवलीय. मांडणी डुगडुगते."

मांडणी परत वर आली. आजही आमच्या गॅलरीत आहे. तिच्यावर कुंड्या आहेत, आणि एकही कुंडी कधी पडलेली नाही.

तिची कामाची रीत अशी. पोरगं टेबलापाशी येऊन म्हणायचं, "मॅडम, या कादंबरीवर काहीतरी द्या ना."

"काहीतरी नावाचं पुस्तक आपल्याकडे नाही."

मग प्रश्न एका ओळीत लिहून आणायला लावायची. ओळ लांबली की परत पाठवायची. मग सूची बघायला लावायची, मग कपाटाकडे पिटाळायची. हवं ते पुस्तक मिळालं तर त्याच्या डावी-उजवीकडचीही काढून बघ, म्हणायची. पुस्तकाच्या शेवटी लेखकाने काय काय वाचलं ते दिलेलं असतं, तिथून पुढचा माग काढ, म्हणायची. स्वतः उठून पुस्तक हातात दिलं, असं तिने कधी केलं नाही. पोरं रडकुंडीला यायची. बरीचशी परत यायचीच नाहीत. ग्रंथालयात गर्दी नको असेल तर एक करवत पुरे, असा कॉलेजात विनोद होता.

याच कॉलेजात माझी नात इंग्रजी साहित्य घेऊन बीए करत होती. घरी ती हिला धाकटी आजी म्हणायची. कॉलेजात पहिल्याच दिवशी चुकून आजी म्हणाली, तर उत्तर मिळालं, "इथे आजी कोणी नाही. ओळखपत्र दाखव."

शेवटच्या वर्षाला पोरांना एक मोठा निबंध लिहावा लागतो. नातीने जुन्या इंग्रजी कादंबरीतल्या मोलकरणींवर लिहिला. मोलकरणींना तिथे स्वतःचं असं काहीच नाही, असं तिचं म्हणणं. निबंधाच्या शेवटी वाचलेल्या पुस्तकांची यादी जोडायची, तिच्याखाली मार्गदर्शक सरांची सही आणि ग्रंथालयाची सही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दिला नाही तर शून्य. शून्य म्हणजे नापास, नापास म्हणजे वर्ष गेलं.

ग्रंथालयाची सही दरवर्षी शिपाई गठ्ठ्याने करून आणायचा. त्या वर्षी ते काम भावजयीकडे आलं. ती एकेक यादी घेऊन कपाटापुढे उभी राहू लागली.

सोमवारी नात रडत घरी आली. काय झालं ते सांगताना तिला हुंदके आवरत नव्हते. तिच्या यादीत एक जुनं टीकेचं पुस्तक होतं. कोणीतरी ग्रंथालयाला भेट दिलेलं. पूर्वी काही पुस्तकं कडा न कापताच यायची. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या तशाच शिवलेल्या असत, वाचणाऱ्याने सुरीने कापत कापत पुढे जायचं. भावजयीने ते पुस्तक टेबलावर ठेवलं होतं.

"हे वाचलंस?"

"हो मॅडम."

"यातलं वाक्य उतरवलंयस. पान दाखव."

नातीने पुस्तक उघडलं. ते पान घडीच्या आत होतं आणि घडी बंद होती. पुस्तक छापल्यापासून ती कोणी उघडलेलीच नव्हती.

"आत कुठून गेलीस?" भावजय म्हणाली. "भिंतीतून?"

मागे रांगेत वर्गातली पोरं उभी होती. सगळी हसली.

मी नातीला विचारलं, "मग वाक्य आणलंस कुठून?"

"सरांच्या लेखातून. त्यांनी ते दिलंय, पान नंबरसकट."

"मग सरांच्या लेखातून घेतलं असं लिहायचं."

"तसं लिहिलं की मूळ वाचलं नाही हे कळतं ना आजोबा! सगळे असंच करतात."

"कळू दे की. वाचलं नाहीसच."

तिने आणखी मोठ्याने भोकाड पसरलं. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

खरं तर कोणाच्याच नाही. पोरीने कामचुकारपणा केला होता. पण तो चारचौघांत असा उघडा पाडायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नातीला घेऊन ग्रंथालयात गेलो.

"पिशवी बाहेर," भावजय मान वर न करता म्हणाली.

"मी आहे."

"दिसतंय. पिशवी बाहेर."

मी पिशवी बाहेर ठेवून आलो. "पोरीचं वर्ष जाईल."

"जाईल."

"घरातली पोर आहे ती."

"यादीत तसं काही लिहिलेलं नाही."

"तुला अजून त्या मांडणीचा राग आहे."

आता तिने मान वर केली. "मांडणी डुगडुगत होती भाऊजी. हा निबंधही डुगडुगतोय. मी दोन्ही परत केलं. यात राग कसला?"

असली बाई. माझा आवाज चढला. वाचत बसलेली दोन-चार डोकी वळली. तिने टेबलाच्या खणातून कागद कापायची बोथट सुरी काढली आणि पुस्तकाबरोबर नातीपुढे सरकवली.

"कापायचं आणि वाचायचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे."

"इतकी वर्षं तूच का नाही कापून ठेवलंस?" मी विचारलं.

"मला वाचायचं नव्हतं. ज्याला वाचायचंय त्याने कापायचं."

नात खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, मी समोर. पहिली घडी तिने भसकन ओढली आणि पानाचा कोपरा फाटला. भावजयीच्या टेबलाकडून आवाज आला, "सुरी आडवी धर. भाजी चिरत नाहीयेस." मी काही बोलणार होतो, पण दुसऱ्यांदा नातीने सुरी आडवी धरली आणि कागद सरळ रेषेत सुटला. कागदाचा बारीक भुगा तिच्या ओढणीवर पडत होता. ती कापायची, वाचायची, पुन्हा कापायची. मला इंग्रजी येत नाही. मी तिचा चेहरा बघत होतो. दुपारनंतर कधीतरी तो चेहरा उतरला.

"काय झालं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, माझ्या निबंधात वाक्य असं आहे की या कादंबरीतल्या मोलकरणी फक्त दारं उघडण्यापुरत्या आहेत. बस. त्यावरच माझं सगळं उभं आहे. पण इथे वाक्य संपतच नाही. पुढे म्हटलंय, 'असं त्यांनाच वाटतं, ज्यांनी त्या दारांशी उभं राहून कोण काय ऐकतं याकडे कधी लक्ष दिलं नाही.' आणि मग पुढची आठ पानं मोलकरणींनाच सगळं घर कसं कळतं, यावर आहेत. हे तर उलटंच झालं."

"म्हणजे सरांनी अर्धंच घेतलं?"

"सरांनी, की सरांनी ज्याच्याकडून घेतलं त्याने, हे बघितल्याशिवाय बोलू नये," भावजय म्हणाली. ती मागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही.

"तुला माहीत होतं हे?" मी विचारलं.

"बंद घडीत काय आहे ते मला कसं माहीत असणार? मी ग्रंथपाल आहे, जादूगार नाही."

नात रडवेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आता मी काय करू?"

"ते या टेबलावर मिळत नाही. पुढचा कोण?"

आणि खरोखर पुढच्या पोराची यादी हातात घेतली.

नातीने त्या जुन्या पुस्तकातल्या तळटिपा उतरवून घेतल्या. त्यांतली दोन पुस्तकं कपाटात सापडली, तिसरं त्यांच्या शेजारी. बुधवारी, गुरुवारी ती ग्रंथालय उघडायच्या आधी दारात उभी असायची. निबंध तिने मधूनच मोडला आणि नव्याने लिहिला. मोलकरणी आता दारं उघडत होत्या आणि ऐकतही होत्या. त्या एका वाक्याखाली तिने लिहिलं की हे वाक्य मराठी-इंग्रजीतल्या लेखांत अर्धंच दिलं जातं, आणि उदाहरण म्हणून सरांचा लेख नोंदवला. भावजयीने एकेक पुस्तक समोर ठेवून पानं विचारली. एका ठिकाणी पान चुकलं होतं, ते दुरुस्त करून आणायला लावलं, आणि मग सही करून शिक्का मारला. शाबास वगैरे काही नाही.

शुक्रवारी सकाळी नात सरांकडे गेली. सरांनी ती तळटीप वाचली.

"माझा लेख चुकीचा आहे म्हणतेस?"

"नाही सर. वाक्य अपुरं आहे."

"हे तुला कोणी शिकवलं? त्या करवतीने?" मग सर मवाळ झाले. "हे बघ बाळ, तुझा पहिला निबंध चांगला होता. तोच आण, मी आत्ता सही करतो. ग्रंथालयाचं मी बघून घेतो. पुढे एमएला माझ्याकडेच यायचंय ना तुला?"

नात घरी आली. दोन्ही निबंध टेबलावर ठेवले. माझा मुलगा म्हणाला, "जुना दे आणि मोकळी हो. सरांशी वैर घेऊन कोणाचं भलं झालंय?" सूनबाई म्हणाली, "धाकट्या आजीला काय, तिची नोकरी पक्की आहे." मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सूनबाईला, भावजयीला आणि सरांना एकत्र शिव्या घातल्या असत्या, त्याचा उपयोग शून्य. नातीने पाणी प्यायलं, नवा निबंध पिशवीत घातला आणि गेली. संध्याकाळी सगळे निघून जाईपर्यंत सरांनी तिला दाराबाहेर उभं ठेवलं. मग सही केली.

पासापुरते गुण मिळाले. एकही जास्त नाही. एमएला या कॉलेजात तिला जागा मिळाली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात मिळाली, दोन बस बदलून जावं लागतं.

निकालाच्या दिवशी मी विटांची रांग ओलांडून खाली गेलो. "झालं समाधान? गुण गेले, जागा गेली. काय मिळवलंस?"

ती तांदूळ निवडत होती. "मी काही मिळवायला बसले नव्हते. ती खुश नाही का?"

"मला काय माहीत?"

"मग आधी तिला विचारा. माझ्याकडे कशाला आलात?"

मी वर आलो. नातीला विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही, कारण त्या आठवड्यापासून ती संध्याकाळी खाली जाऊन बसायला लागली. खालून भांडणाचे आवाज येतात. "हे कुठे वाचलंस?" "दाखव." "हे त्याचं मत झालं, तुझं कुठाय?" एकदा नात रागाने पाय आपटत वर आली आणि परत खाली गेली, पुस्तक घेऊन.

समारंभात सरच सर्वांत लांब बोलले. विद्यार्थ्यांची आई हे त्यांचंच. मग कोणीतरी म्हणालं, जुनी विद्यार्थिनी म्हणून नातीने दोन शब्द बोलावेत. ती उठली.

"मॅडमनी मला खूप छळलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

लोकांना वाटलं विनोद आहे. ते हसले. सर हसले नाहीत. भावजयही हसली नाही. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुढे कोण बोलणार आहे ते बघू लागली.

माझं आणि तिचं अजूनही जमत नाही. परवा ती जिन्यातून ओरडली, कॉलेजातून घरी आणलेली स्वतःची पुस्तकं ठेवायला जागा नाही म्हणून. मी गॅलरीतल्या मांडणीवरच्या कुंड्या उतरवल्या आणि मांडणी खाली नेऊन ठेवली. तिने वर पाण्याचं भांडं ठेवलं.

"अजून डुगडुगते," ती म्हणाली.

"फरशी तिरकी आहे," मी म्हणालो, आणि वर आलो. या वेळी मांडणी मागे आली नाही.