परकं कातडं

परळच्या ज्या कॉलेजात मी एम.एस्सी.चं संशोधन करत होतो, तिथं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची डुकरं असत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लालबागच्या आमच्या चाळीत त्याचं कौतुक होतं, पण डुकरांचं कळल्यावर ते जरा ओसरलं. संध्याकाळी जिना चढताना बाबांच्या गावचे शेजारचे काका गॅलरीतून विचारायचे, "काय रे, तू डुकरांका शिकवतंस, की डुकरां तुका?" नळावर हातपाय धुतल्याशिवाय आई मला उंबरठा ओलांडू देत नसे.

काम तसं सांगायला सोपं होतं. एका डुकराच्या कुशीवरचा कातडीचा चौकोनी तुकडा काढून दुसऱ्याच्या कुशीवर शिवायचा. त्याच्या शेजारी त्या दुसऱ्याचीच कातडी, जागा बदलून शिवायची. डुकराची कातडी माणसाच्या कातडीला बरीच जवळची असते, म्हणून डुकरं. माझ्या मार्गदर्शक सरांचं खरं लक्ष मूत्रपिंडावर होतं. एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवता येईल असा दिवस उजाडेल, पण त्याआधी शरीर परकी वस्तू कशी ओळखतं आणि का टाकून देतं ते समजलं पाहिजे, असं ते म्हणत.

सुरुवातीला दोन्ही तुकडे सारखेच गुलाबी दिसत. पट्टी सोडल्यावर नवखा माणूस म्हणाला असता, दोन्ही धरले. मग परका तुकडा निळसर पडायचा, काळा व्हायचा, वहाणेच्या तळासारखा कडक होऊन सुटून यायचा. कॉर्टिझोनची इंजेक्शनं दिली की तो जास्त टिकायचा, पण त्या औषधानं शरीराची झुंजण्याची ताकदच मरून जायची. एका मादीच्या अंगावर परका तुकडा शेवटपर्यंत गुलाबी राहिला आणि ती न्यूमोनियानं मेली. सर म्हणाले, "कातडं राहिलं, डुक्कर गेलं." ते हसले नाहीत.

घरी हे ऐकून घेणारी एकटी माझी पाठची बहीण. तिची शाळा सातवीनंतर सुटली होती. भाकऱ्या थापता थापता ती विचारायची, "भावाचं भावाला लावलं तरी पडतं?" मी म्हणायचो, पडतं, फक्त अगदी सारखी जुळी असली तर राहतं. "डुकरांना बरं कळतं रे, आपलं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं," असं म्हणून ती तवा उतरवायची.

नरे पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती त्या संध्याकाळी बाबा आणि मी तिकडे होतो. परत आलो तर जिन्यात माणसं उभी होती. स्टोव्हचा भडका उडाला होता. बहिणीचा चेहरा वाचला होता. गळा, छाती आणि एक दंड भाजला होता.

जीव वाचेल असं दिसू लागल्यावर सर्जननी बाबांना हॉस्पिटलच्या वॉर्डात बोलावलं. मी सोबत होतो. ते म्हणाले, जखम खोल आहे, नुसती भरू दिली तर कातडी आकसेल, मान ओढली जाईल. हिच्याच मांडीची पातळ कातडी काढून गळ्यावर लावू.

बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, मोर्चात पुढं असायचे, पोलिसांना घाबरत नसत. पण ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "पोरीच्या मांडयेर सुरी?" ते म्हणाले. "गळ्याचा डाग पदराखाली जाईत. लग्नाची पोर ती. आणखी डाग नको तिका."

सर्जन म्हणाले, "तो डाग कुणाला दिसतो?"

"नवऱ्याक दिसतलो."

मग बाबा माझ्याकडे वळले. "ह्येची घेवा. झिलग्याची मांडी कोण बघता?"

मी म्हणालो, "बाबा, माझी धरणार नाही. आम्ही रोज बघतो ते. परकी कातडी पडते."

"परकी?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरातून नाव काढून घेतलं होतं. "ती खंयखंयची डुकरां. तुमी दोघां एका आवशीची. पाठीक पाठ लावन इलात."

मी पुन्हा सांगायला गेलो. जुळ्यांचं सांगितलं. माझं बोलणं अडखळत होतं. ज्या शब्दांत मी ते शिकलो होतो ते शब्द घरात नव्हते. आई दाराशी रडत होती, तीही म्हणाली, "तुका द्यायची नसात तर तसा सांग." मी मांडी द्यायला कबूल झालो.

सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "उघड्या जखमेपेक्षा तुझं कातडं काही दिवस बरं. तेवढ्यात बापाची समजूत काढू." सही बाबांची लागणार होती. बहीण खाटेवर होती, शुद्धीत होती, सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "माझी मांडी घेऊ दे ना." आवाज बसलेला होता. बाबा म्हणाले, "तू गप पडान ऱ्हव." तिला कुणीच विचारलं नाही.

माझ्या मांडीची कातडी तिच्या गळ्यावर गेली. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा ती गुलाबी होती. बाबांनी चाळीत पेढे वाटले. शेजारचे काका वॉर्डात येऊन म्हणाले, "चिकटलाच पाहिजे, झालाच पाहिजे," आणि सगळे हसले, खाटेवर तीही हसायला गेली. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. एवढं प्रेम मला पास झालो तेव्हाही मिळालं नव्हतं.

सगळे गेल्यावर बहिणीनं विचारलं, "तुझ्या त्या डुकरांसारखं होणार ना?"

मी हो म्हणालो.

"मग अजून काही दिवस नको सांगूस. बाबा खूश आहेत."

मी सरांकडे गेलो. तिला कॉर्टिझोन देता येईल का, असं विचारलं. त्यांनी शेडकडे बोट केलं. "ती मादी आठवते? तुझी बहीण भाजलेली आहे. दोन दिवसांत पू होईल सगळीकडे." त्यांचं बरोबर होतं. मग ते म्हणाले, "पडायला लागली की मला सांग. भावंडांमधली नोंद आपल्याकडे नाही." तेही त्यांच्या जागी बरोबर असेल. मी जाऊन डुकरांना खाणं घातलं.

कातडी निळसर पडली. मग काळी. काका म्हणाले, "ह्या मराठी-गुजराती द्विभाषिक राज्यासारखा झाला रे, वरसून चिकटवला, आतसून धरूक नाय." या वेळी कुणी हसलं नाही. आईनं मात्र कारण शोधलं. माझ्या हातांना डुकराचा विटाळ होता, तोच पोरीच्या अंगात गेला, असं ती बायकांना सांगू लागली. कातडी गुलाबी होती तेव्हा माझ्या तोंडावरून फिरलेला तिचा हात आता मला पाण्याचा तांब्याही अंतरावरून देई. सर्जननी बाबांना पुन्हा विचारलं, आता तरी मुलीची मांडी घेऊ द्या. बाबा म्हणाले, "एकदा कापून बघितलात ना? आता देव भरीत ती जखम." ते तिला घरी घेऊन आले.

जखम भरली. भरता भरता गळ्याची कातडी ओढत गेली आणि हनुवटी छातीकडे वाकली. स्थळं यायची बंद झाली. आली असती तरी आईनं तिला कुणापुढं बसवलं नसतं.

महाराष्ट्र झाला त्या रात्री लालबागला दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. सगळी चाळ गच्चीवर गेली. बहीण खोलीतच बसली. वर बघायला तिला पाठीवर निजावं लागत असे आणि लोकांत तसं निजणं तिला नको होतं. बाबा गळ्यात हार घालून आले, म्हणाले, "बघ गो, शेवटी झालाच."

ती म्हणाली, "हो, बाबा."

बाबा पुन्हा वर गेले. आई तिच्या गळ्याला खोबरेल लावत बसली होती. मी दाराशी होतो. बहीण जमिनीकडे बघतच बोलली, दुसरीकडे तिला बघता येतच नव्हतं.

"मांडी तेवढी कोरी राहिली, आये. आता कोण बघायला आलं, तर तीच दाखवू."

आईचा हात थांबला. मग तिनं वाटीत पुन्हा बोटं बुडवली.