मिस्त्रींचं मोठ्या अक्षरांचं पुस्तक

आमच्या केंद्रात कृत्रिम पाय बनतात. पाय बनवायचं काम मिस्त्रींचं आणि त्या पायावर माणसाला चालवायचं काम माझं. एकवीस वर्षं आम्ही हे असंच केलं. त्यांच्या बाजूला प्लास्टरचा धुरळा आणि कानशीची खरखर, माझ्या बाजूला धरून चालायच्या दोन दांड्या आणि समोर उंच आरसा. मधलं दार कायम उघडं, कारण मिस्त्री निम्मं काम कानांनी करायचे. कुणी दांड्या धरून चालू लागलं की ते हातातली कानस थांबवायचे, चार पावलं ऐकायचे आणि आतूनच सांगायचे, डावा किंचित लांब झालाय, काढून द्या. मी मोजून बघायची. लांब झालेलाच असायचा.

बोलणं बेताचं. भुवयांमध्ये बारा महिने पांढरी भुकटी. माप घेताना मात्र ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारत, पाय बसला की पहिल्यांदा कुठे जायचंय? हा प्रश्न छापील फॉर्मवर नव्हता. उत्तर ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवत, आणि लोकांना वाटे हाही मापाचाच भाग असणार, म्हणून सगळे नीट विचार करून उत्तर देत. एका पोस्टमनला फक्त न्हाणीघरात एकट्याने जाऊन आतून कडी लावायची होती. एका आजींचं वरच्या मजल्यावरच्या बाईशी नऊ वर्षं वाकडं होतं. त्यांना तीन जिने चढून तिला दोन शब्द सुनवायचे होते, कारण ती खाली येत नव्हती आणि भांडण अर्धवट राहिलं होतं. एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, कुठेच नाही.

मिस्त्री आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच घरात. लग्न दोघांनीही केलं नाही. कारणं वेगवेगळी असावीत, सांगत कुणीच नसे. ताईंनी कोर्टात टायपिस्ट म्हणून तीस वर्षं काढली होती आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत त्या वकिलांनासुद्धा सोडत नसत. बासष्ट वर्षांच्या भावाला त्या अजून ‘बाळ’ म्हणत. मिस्त्रींची साठी उलटली त्या सुमाराला घरातलं कपाट आवरताना ताईंना त्या फॉर्मांचे गठ्ठे सापडले. त्यांनी दिवसभर जमिनीवर बसून मागच्या बाजू वाचल्या आणि संध्याकाळी भावाला सांगितलं की हे पुस्तक आहे, तू लिहून काढ, मी टाइप करते.

चौदा महिने हा उद्योग चालला. मिस्त्री रोज संध्याकाळी वहीत लिहीत, ताई सकाळी ते कॉम्प्युटरवर उतरवत. शेवटी शेवटी त्या म्हणू लागल्या की तुझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे, तू वाचून दाखव, मी ऐकून टाइप करते. मिस्त्रींना त्यात काही वावगं वाटलं नाही. अक्षर खरंच तसं होतं.

लिहिणं संपत आलं तेव्हा पहिली वीस प्रकरणं तीन प्रकाशकांकडे गेली. एकाने परत पाठवली, एकाने पोचही दिली नाही. मध्येच एका माणसाचा फोन आला. त्याची कंपनी लेखकाकडून खर्च घेऊन तीस दिवसांत पुस्तक काढून देत होती आणि वर एक पुरस्कारही. मिस्त्रींनी त्याला विचारलं, तुम्ही वाचलंत का? तो म्हणाला, वाचणारा विभाग वेगळा आहे. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस कामावर हे आठवून स्वतःशीच हसत होते.

तिसऱ्या प्रकाशनाच्या संपादकबाईंनी मात्र भेटायला बोलावलं. हे जुनं, नावाजलेलं प्रकाशन. एकटं जायचा धीर होईना म्हणून मिस्त्रींनी मला बरोबर नेलं. बाईंनी पानं खरोखरच वाचली होती. कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या म्हणाल्या, पुस्तक आम्ही काढू, खर्च आमचा, दुकानांत आणि वाचनालयांत पोचवायचं कामही आमचं. पण रांग मोठी आहे, दोन वर्षं तरी लागतील. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मापं आहेत ती काढावी लागतील, वाचणारा तिथे अडखळतो. सहा-सात प्रकरणं एकसारखी आहेत, ती गाळू. आणि पार मागे टाकलेलं ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण अगदी पहिलं घ्या. मिस्त्री म्हणाले, ते तर सगळ्यांत उदास आहे. बाई म्हणाल्या, म्हणूनच, ते आधी वाचलं की पुढच्या आनंदावर विश्वास बसतो.

परतताना मिस्त्रींचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही चहा घेतला, तेव्हा ते एवढंच म्हणाले की ताईला सांगितल्यावर ती आधी करारातल्या चुका काढेल.

त्याच आठवड्यात ते पान सापडलं. शेवटच्या प्रकरणाची टाइप केलेली पानं वाचताना एक अख्खं पान अगम्य निघालं. अक्षरं मराठीच, पण एकही शब्द लागेना. मिस्त्रींना वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. त्यांनी ते मला दाखवलं. कीबोर्ड समोर घेऊन बघता बघता आमच्या ध्यानात आलं की सगळी बोटं एकेक कळ उजवीकडे सरकली होती. ताईंनी पान अचूक टाइप केलं होतं, फक्त एक घर चुकून. आणि पडद्यावर काय उमटतंय ते त्यांना दिसलंच नव्हतं.

विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या आधीच जाऊन आल्या होत्या. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध डाग धरला होता. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अक्षर मोठं असलं तर वर्षभर, कदाचित थोडं जास्त वाचता येईल. त्यापुढचं सांगता येत नाही.

“सांगणार होते,” ताई म्हणाल्या, “पण आधी तुझं पुस्तक पुरं होऊ दे म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी माझ्यासमोरच संपादकबाईंना फोन लावला. मापं काढायला हरकत नाही, प्रकरणं गाळायलाही नाही, फक्त पुस्तक लवकर आणि मोठ्या अक्षरांत निघेल का, एवढंच विचारलं. बाईंनी टाळाटाळ केली नाही. त्यांनी समजावून सांगितलं की अक्षर एवढं वाढवलं की पानं जवळजवळ दुप्पट होतात, किंमत वाढते, आणि नव्या लेखकाचं महाग पुस्तक दुकानदार पुढे मांडत नाहीत. शिवाय रांगेतल्या इतर लेखकांना काय सांगायचं? मिस्त्रींना ते पटलं. पटलं हेच अवघड होतं. चूक कुणाची असती तर निर्णय सोपा झाला असता.

त्या आठवड्यात दोनदा पाय लांब झालेला त्यांना ऐकू आला नाही, मला सांगावं लागलं. रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. मी पोचले तेव्हा ताई खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. पुस्तक स्वतःच छापायचं ठरवल्याचं भावाने त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

“माझ्या डोळ्यांसाठी तू एवढं चांगलं प्रकाशन सोडतोयस?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मिस्त्री काहीतरी दुसरंच कारण पुढे करतील.

“हो,” ते म्हणाले.

ते ‘नाही’ म्हणाले असते तर त्याला द्यायचं उत्तर ताईंकडे तयार होतं. ‘हो’ ऐकल्यावर त्या समजावू लागल्या की पुस्तक गावोगावच्या वाचनालयांत गेलं पाहिजे, अनोळखी माणसांच्या हाती पडलं पाहिजे. घरच्या घरी छापलेलं पुस्तक ओळखीचे लोक भीड म्हणून घेतात आणि फडताळात ठेवतात. “मी एकटी म्हणजे काय वाचक झाले, बाळ?”

“मी जन्मभर एकेका माणसाच्या मापानंच काम केलंय, ताई,” मिस्त्री म्हणाले. “दुसऱ्या तऱ्हेनं मला येत नाही.”

ताईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग त्या म्हणाल्या की ठीक आहे, पण ऱ्हस्व-दीर्घ मी सांगेन तसंच होईल, छापखानेवाल्याचं काही चालणार नाही.

मिस्त्रींनी संपादकबाईंना कळवलं, आणि चाचरत विचारलं की तुम्ही सुचवलेले बदल मी केले तर चालतील का, ते तुमचे आहेत. बाई म्हणाल्या, करा ना, त्यासाठीच सांगितले होते. आणि छापखान्यातून येणारी कच्ची मुद्रितं स्वतः तपासू नका, आपली चूक आपल्याला दिसत नाही.

मग मिस्त्रींना एक नवीनच दुनिया कळली. बाजारामागच्या छापखान्यात कागदाचे प्रकार, बांधणीचे प्रकार, मुखपृष्ठाचे प्रकार, आणि प्रत्येक बाबतीत विचारणारा एकच माणूस, तुम्हाला काय हवंय? आतापर्यंत असा प्रश्न ते दुसऱ्यांना विचारत आले होते. मापं त्यांनी काढली, पाच प्रकरणं गाळली, ट्रक ड्रायव्हरला सुरुवातीला नेलं. अक्षराचा आकार ठरवायला एकच पान पाच आकारांत छापून आणलं. ताई उजेडात बसून एकेक पान वाचू लागल्या. चौदाचं त्यांनी लगेच बाजूला सारलं. सोळाला दर ओळीत थांबत होत्या. अठराचं पान त्यांनी सुरू केलं आणि पहिला परिच्छेद न थांबता वाचून, नजर न काढता, हाताने चहाचा कप चाचपडू लागल्या. मिस्त्रींनी कप पुढे सरकवला आणि छापखान्याला फोन करून अठरा सांगितला.

मुद्रितं मी तपासली. ताईंना मोठ्याने वाचून दाखवायची, स्वल्पविरामांसकट. तीन आठवडे माझ्या संध्याकाळी त्यात गेल्या.

पुस्तक आलं ते उशाला घेण्याजोगं जाड. पाचशे प्रती पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्या तर खुर्चीला जागा उरली नाही. आणि ताईंनी सांगितलं होतं तसंच झालं. ओळखीच्यांनी भीड म्हणून घेतलं. तीन दुकानांनी बघून परत दिलं. चौथ्याने पाच प्रती ठेवून घेतल्या. महिन्याने मिस्त्री गेले तर त्या लहान मुलांच्या गोष्टींच्या मांडणीत होत्या. एवढ्या मोठ्या अक्षरांत दुसरं काय असणार, असं दुकानदाराला वाटलं होतं. मिस्त्रींनी त्या उचलून आणल्या. त्या दिवशी ते मला म्हणाले की बाईंची माणसं असती तर असं झालं नसतं. पश्चात्ताप नव्हता त्यांच्या आवाजात, पण ते म्हणाले खरं.

ताई मात्र रोज सकाळी दहा ते बारा भिंग घेऊन खिडकीशी बसत होत्या. स्वतः टाइप केलेलं, ऐकलेलं, तपासलेलं पुस्तक, पण सलग त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं. अकरा दिवस लागले. त्या काळात मिस्त्री काही ना काही निमित्त काढून त्या खोलीतून ये-जा करत, आणि त्या वैतागून म्हणत, बाळ, एका जागी बस. बाराव्या दिवशी त्यांनी भावाला सतरा चुकांची यादी दिली. त्यातल्या चार आपल्या आहेत, हे आधी सांगितलं. मग म्हणाल्या, “ट्रक ड्रायव्हर शेवटपर्यंत कुठे गेला नाही, आणि तू त्याला उगाच कुठे पाठवला नाहीस. बरं केलंस.” मिस्त्रींनी हे मला सांगितलं तेव्हा कानस हातात तशीच होती आणि पुढचा पाऊण तास ते काम काही पुढे सरकलं नाही.

आमच्या केंद्रातल्या बाकावर एक प्रत ठेवलेली असे. एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. पाय तिचा बनत होता, हे नुसते सोबत. दोन तास बाकावर बसून त्यांनी ते पुस्तक वाचलं, आणि निघताना विचारलं, हे कुठे मिळेल. मला वाटलं, बायकोसाठी हवं असेल. तर ते म्हणाले, सहा वर्षांत मला एकही पुस्तक वाचता आलेलं नाही, हे येतंय. त्यांनी ते आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी दहा प्रती मागवल्या, मग आणखी वीस. ज्यांचे पाय धडधाकट होते अशा लोकांची पत्रं येऊ लागली. कुणी विचारलं, त्या आजी वर जाऊन भांडल्या का? भांडल्या, आणि जेवून आल्या, असं मिस्त्रींनी उलट टपाली कळवलं. दीड वर्षात भिंतीपाशी जेमतेम वीसेक प्रती उरल्या.

पुढच्या हिवाळ्यात ताईंना अठराचंही दिसेनासं झालं. त्या आता ऐकतात. भाऊ वाचतो, त्या मधूनमधून त्याचे उच्चार सुधारतात.

मिस्त्रींनी दुसरं पुस्तक लिहिलंय, ज्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले त्या उस्तादांवर. ते त्यांनी संपादकबाईंच्या प्रकाशनाला द्यायचं ठरवलं. मी कारण विचारलं. म्हणाले, दुकानदारांकडच्या चकरा आता त्यांच्या माणसांनी माराव्यात, माझं वय झालं. आणि उस्तादांचं नाव वाचनालयात लागायला हवं. अडीच वर्षं लागतील, असं बाईंनी सांगितलं. लागू देत, म्हणाले.

हस्तलिखित घ्यायला बाई स्वतः घरी आल्या होत्या. मीही होते. ताईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि तुमच्या प्रकाशनाच्या पुस्तकांत अनुस्वारांची फार हयगय असते, असं सुनावलं. बाईंनी नियम सांगितला. ताईंनी त्याचा अपवाद सांगितला. त्यावरून दोघींची जी जुंपली ती अर्धा तास थांबेना, आणि मिस्त्री स्वयंपाकघरातून हळूच मला विचारत होते की चहा आत्ता न्यावा का जरा थांबावं.