सरकारी संगणक मी उघडला

मध्य प्रदेशाची दोन राज्यं होणार हे ठरलं, तेव्हा मी इंदरगंजातल्या एका सरकारी कार्यालयात रोजंदारीवर संगणक चालवत होते. कोणता कर्मचारी कोणत्या राज्यात जाणार, त्याच्या याद्या शुक्रवारपर्यंत भोपाळला पाठवायच्या होत्या. यादी मोठी झाली की आमचा संगणक जागीच थिजायचा. साहेबांनी सरळ सांगितलं, "शुक्रवार तक नहीं हुआ तो काम बाहर दे देंगे." काम बाहेर गेलं की माझी जागाही गेली.

डबरा गावच्या सरकारी शाळेत शिकलेली मी, घराण्यातली पहिली पदवीधर. वडील टेंपो चालवत. त्यांनी मला शिकताना कधी अडवलं नाही, त्याचे उपकार मी आजही मानते. अशी मिळालेली नोकरी नुसती बघत बसून घालवायची नाही, एवढं मी ठरवलं होतं.

मी शिकले त्या संगणकाच्या वर्गातले सर म्हणाले, मशीन ठीक आहे, मेमरी कमी पडते, आणखी एक पट्टी बसव. मी आमच्या मुख्य कारकुनांना, बडे बाबूंना, ते सांगितलं.

"अर्जी लिख दो. इंजीनियर दिवाली के बाद आएगा." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "और तुम हाथ मत लगाना, बेटा. सरकारी चीज़ है, सिलाई मशीन नहीं."

घरी हे ऐकून वडील म्हणाले, "टेंपोचं बोनट मी कुणाला विचारून उघडतो का गं?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दाल बाजाराजवळच्या दुकानात गेले. मेमरी हवी म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "कौन सी?"

"कंप्यूटरवाली."

तो हसला. "दीदी, पुरानी निकाल के ले आओ, उसी की जोड़ी दे दूँगा. और खोलने से पहले लोहे को छू लेना, बदन की बिजली उतर जाएगी."

परत आले. बडे बाबू घरी जेवायला गेले होते. कपाटाच्या लोखंडाला हात लावला, स्क्रू काढले, जुनी पट्टी रुमालात गुंडाळून नेली आणि माझ्या पगारातून तिची जोडी आणली. जुनी पट्टी पुन्हा नीट बसली. नवी एका टोकाला बसली, दुसऱ्या टोकाला वरच राहिली. तरी बटण दाबलं. पडदा काळा, आणि आतून तीन शिट्ट्या.

बडे बाबू जेवून परतले होते, दारातच उभे होते. "जला दिया ना?"

मी वायर काढली आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. खाचेत एक अक्षता अडकली होती, कुंकवाने लाल झालेली. ती माझीच. आम्ही मूळचे दक्षिणेतून आलेल्या फौजेतले. घरात तलवार उरली नाही, पण खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा चुकत नाही. वडील टेंपोची करतात. त्या वर्षी मी संगणकाची केली, आणि वरच्या जाळीतून अक्षता आत गेल्या. मशीनचा दोष नव्हता, माझा होता.

काडेपेटीतल्या काडीने तो दाणा काढला आणि पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपसूक मिटल्या. संगणक सुरू झाला. यादी उघडली, शेवटपर्यंत सरकली, कुठे थांबली नाही. गुरुवारी संध्याकाळी सगळं छापून झालं.

तेव्हा बडे बाबू जवळ येऊन हळूच म्हणाले, "एक नोट लिख दो कि इंजीनियर आया था. तुम्हारे भले की कह रहा हूँ. दिहाड़ीवाली ने मशीन खोली, कौन मानेगा?"

"न मानें तो सामने खोलके दिखा दूँगी, बाबूजी."

"नौकरी जाएगी."

"तो अपने किए पर जाएगी."

मी लिहिलं, मेमरीची पट्टी मी माझ्या पगारातून आणली आणि माझ्या हाताने बसवली. खाली पदवीसकट पूर्ण नाव घातलं आणि कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"तुमने खुद?"

"जी."

त्यांनी सही केली आणि कागद याद्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. पुढच्या महिन्यात मी कामावर होते. नसते, तरी त्या कागदातला एक शब्दही मी बदलला नसता.